तीच पदे, तोच क्रम

उत्सवाचे दिवस जवळ येऊ लागले म्हणजे आमच्या देवस्थानांच्या समित्यांपुढे जे नाना प्रश्न उभे राहतात, त्यांत 'यंदा गाणे कोणाचे ठेवावयाचे?' हा एक हमखास असतो. बिदागीचा विचार होतो, तारखेचा होतो, गायकवादकांच्या उतरण्याचा व जेवणाखाण्याचा होतो. काय गावयाचे, याचा विचार मात्र सहसा होत नाही. तो गायकाचा प्रांत असे मानून समिती मोकळी होते. आणि गायक तो निवेदकाच्या वहीवर सोपवून मोकळा होतो. जो विचार अशा रीतीने कोणीच करीत नाही, त्याविषयी चार शब्द लिहावेत असे पुष्कळ दिवस आमच्या मनात होते. तसा प्रसंगही घडला.

अभंग व नाट्यपदे गाणारा एक नावाजलेला संच आम्ही एकाच वर्षात तीन ठिकाणी ऐकला. त्याचे नाव येथे सांगत नाही. कारण दोष त्या एकट्याचा नाही, आणि नाव घेतले की व्यक्तीची चर्चा होते व प्रश्न बाजूस राहतो. प्रथम ऐकला तो आषाढात, बेळगावास. बाहेर पावसाची झड लागलेली, आणि आत पहिलेच पद मल्हाराच्या अंगाचे, मेघांना हाक घालणारे. सभागृह क्षणात गायकाचे झाले. दुसऱ्यांदा तोच संच कार्तिकात, फोंडे महालातील एका देवळात, त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री ऐकला. दीपस्तंभ उजळलेला, आभाळ निरभ्र, तळीच्या पाण्यावर चांदणे पसरलेले. आणि गायकाने आरंभ केला तो त्याच मेघांच्या पदाने. तिसऱ्यांदा माघात, इंदुरास, शाली पांघरून बसलेल्या मराठी मंडळींपुढे पुन्हा तोच मेघ. तिन्ही ठिकाणी चौदा पदे, तिन्ही ठिकाणी त्यांचा एकच क्रम. 'येथल्यासारखे जाणकार श्रोते आम्हांला दुसरीकडे कोठेही भेटले नाहीत,' असे निवेदकाने बेळगावात म्हटले तेव्हा आम्ही सुखावलो. देवळात म्हटले तेव्हा चमकलो. इंदुरास म्हटले तेव्हा आम्ही मान खाली घातली.

त्या देवळात हा संच आदल्या वर्षीही येऊन गेला होता. आमच्या शेजारी बसलेले एक वृद्ध गृहस्थ उठता उठता एवढेच म्हणाले, "पोरूं आयकल्लें तेंच आयज आयकलें." त्यांच्या स्वरात राग नव्हता, तक्रारही नव्हती. पावसाळा संपला, थंडी पडू लागली, असे सांगावे तितक्या सहजतेने त्यांनी ते सांगितले. तक्रार ऐकली असती तर आम्ही कदाचित विसरून गेलो असतो. ही उदासीनता विसरता येईना.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. गाणे वाईट नव्हते. गायकाचा आवाज तिन्ही सप्तकांत मोकळा फिरणारा होता, पखवाजाची साथ भरदार होती, पेटी गळ्याच्या मागे सावलीसारखी चालत होती. म्हणून आमचा आक्षेप कौशल्यावर नाही. फिरत्या गायकाने आपल्या पदांची यादी व तिचा क्रम गावोगाव किती बदलावा, एवढाच आमचा प्रश्न आहे. आणि तो दिसतो तितका सोपा नाही.

ठरीव क्रमाच्या बाजूने पुष्कळ बोलता येते, आणि ते सारे खोटे नाही. पहिला मुद्दा असा की, बेळगावच्या श्रोत्याने इंदूरची मैफल ऐकलेली नसते. त्याच्या दृष्टीने प्रत्येक पद पहिलेच असते. तेव्हा तीन गावांमागून फिरणाऱ्या एखाद्या टीकाकाराच्या कंटाळ्यासाठी गायकाने आपला बसलेला क्रम का मोडावा? दुसरा मुद्दा साथीदारांचा. पाच-सहा वादक, दोन-तीन सहगायक यांना एकत्र तालमीस बसविणे हे आजच्या धावपळीत सोपे राहिलेले नाही. जे चौदा वेळा वाजविले ते पंधराव्या वेळी निर्दोष वाजते. जे आयत्या वेळी सुचले ते अडखळते, आणि पैसे मोजून बोलावलेल्या गायकाने अडखळणे समितीला कसे रुचावे? तिसरा मुद्दा सर्वांत बळकट आहे. गायक एखाद्या पदामुळे ओळखला जातो, आणि ते पद ऐकावयास माणसे लांबून येतात. गेल्या वर्षी आजारपणामुळे येऊ न शकलेली एखादी आजी यंदा नातवाचा हात धरून आलेली असते, ती त्या एका पदासाठीच. 'आज आम्ही नवे गाणार,' असे सांगून तिला रित्या हाताने परत पाठविणे यात कलेचा कोणता मोठेपणा आहे?

हे तिन्ही मुद्दे आम्ही मान्य करतो. तरीही त्या वृद्ध गृहस्थांचे वाक्य खोडले जात नाही. त्याचे उत्तर शोधावयास फार दूर जावे लागत नाही. ज्या देवळात ते उच्चारले गेले, त्याच देवळात ते मिळते.

गोमंतकातील देवळांत नवरात्रात मखरोत्सव होतो. रात्री कीर्तन होते आणि मग वाद्यांच्या गजरात मखर झुलविले जाते. हा कीर्तनकार बहुधा बाहेरगावाहून आलेला असतो, म्हणजे तोही फिरता कलावंतच. पण त्याची स्थिती आमच्या संचाच्या नेमकी उलट आहे. संच नऊ रात्री नऊ गावांत, नऊ निराळ्या श्रोतृवर्गांपुढे उभा राहतो. कीर्तनकार नऊ रात्री एकाच गावात, त्याच त्या श्रोत्यांपुढे उभा राहतो. त्याला काल सांगितलेले आख्यान आज सांगता येत नाही. पण म्हणून तो रोज सगळेच बदलतो काय? मुळीच नाही. नमन ठरलेले. पूर्वरंगात मूळ पद व त्याचे निरूपण, मध्ये नामाचा गजर, मग उत्तररंगातले आख्यान, शेवटी आरती, हा नारदीय कीर्तनाचा सांगाडा नऊही रात्री तसाच राहतो. श्रोता त्या सांगाड्याच्या भरवशावर निश्चिंत बसतो, आणि आज त्यात काय भरले जाते याकडे कान लावतो. ज्या गोष्टीने श्रोत्याला घरच्यासारखे वाटते ती स्थिर, आणि ज्या गोष्टीने त्याचे कुतूहल जागे राहते ती चल, अशी ही वाटणी आहे. ती कोणा पंडिताने ग्रंथ लिहून केलेली नसून त्याच त्या श्रोत्यांच्या डोळ्याला डोळा देऊन बसण्याच्या गरजेतून ती झाली आहे.

आमच्या फिरत्या संचांची खरी अडचण येथे आहे. रोज गाव बदलत असल्यामुळे आपण रोज तेच करीत आहोत हे त्यांच्या ध्यानात येत नाही. प्रवास पुनरुक्तीला झाकून टाकतो.

भजनातही हीच व्यवस्था दिसते. वारकरी भजनात नामाच्या गजरानंतर रूपाचा अभंग यावयाचा हे ठरलेले आहे. कोणता यावा हे त्या त्या बुवाच्या हाती आहे. गौळण कोठे यावी, शेवट कसा व्हावा, यालाही रीत आहे. वास्को येथील दामोदर सप्ताहात अहोरात्र अखंड भजन चालते, आणि पथकामागून पथक येऊन बसते. दुपारी बसणारे पथक आणि पहाटे बसणारे पथक यांनी एकच यादी घेऊन बसावे असे कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. घटका कोणती, एवढे पाहिल्यावाचून तेथे तोंड उघडता येत नाही.

आता मैफलीकडे वळू. या विषयात आमच्या बेळगाव-धारवाडच्या भूमीने तीन असे गायक दिले की, त्यांना शेजारी शेजारी ठेवले म्हणजे प्रश्नाच्या सर्व बाजू दिसतात. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडजवळच्या मन्सूर गावचे. भीमसेन जोशी गदगचे. आणि कुमार गंधर्व बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीचे. मन्सूरांनी अल्लादियाखाँसाहेबांचे पुत्र मंजीखाँ व भुर्जीखाँ यांच्याकडून अनवट व जोड रागांचे भांडार घेतले, आणि मैफलीत ते एकामागून एक असे राग काढीत की, श्रोत्याला पुढे काय येणार याचा अंदाज बांधता येत नसे. भीमसेनांची रीत निराळी. शुद्धकल्याण, पूरिया धनाश्री, मुलतानी, दरबारी, अभोगी असे मोजके राग ते पुन्हा पुन्हा गात. 'यांचे राग थोडे,' असा आक्षेप त्यांच्या हयातीतच घेतला गेला. आणि तरीही २०११ साली ते गेले तोपर्यंत त्यांच्या मैफलींना गर्दी कधी ओसरली नाही.

वरवर पाहता हा आमच्या संचाचा बचाव झाला असे वाटेल. भीमसेनांना तेच राग चालत असतील तर आमच्या गायकाला तीच पदे का चालू नयेत? पण भीमसेनांचा कालचा शुद्धकल्याण आणि आजचा शुद्धकल्याण यांत बंदिश तीच असे. विस्तार मात्र त्या रात्रीचा असे. षड्जावर किती थांबावयाचे, तान कोठून उचलावयाची, समेला कसे यावयाचे, हे त्या रात्रीच्या गळ्याने व त्या रात्रीच्या श्रोत्यांनी ठरत असे. राग हे नाव एक, त्याखालचे गाणे रोजचे वेगळे. शिवाय भीमसेनही स्थळ पाहत. मराठी श्रोत्यांपुढे ते संतवाणी गात, कन्नड श्रोत्यांपुढे दासवाणी गात. पंढरीच्या विठ्ठलाला त्यांनी तुकोबांच्या शब्दांनी आळविले आणि पुरंदरदासांच्या शब्दांनीही आळविले. ज्यांचे भांडार लहान म्हणून टीका झाली त्यांना एवढे भान होते, हे आमच्या मोठ्या याद्यांच्या मालकांनी ध्यानात घ्यावे.

कुमारांचा मार्ग तिसराच. १९४८ साली प्रकृतीच्या कारणाने ते देवासला गेले आणि माळव्याचे झाले. त्यांनी मैफलीची यादी हाच रचनेचा विषय केला. पावसाळ्यातील रागांची व लोकगीतांची 'गीत वर्षा', सूर-कबीर-मीरा यांची 'त्रिवेणी', बालगंधर्वांच्या गायकीचा आपल्याला लागलेला अर्थ सांगणारी 'मला उमजलेले बालगंधर्व' असे कार्यक्रम त्यांनी बांधले. हे कार्यक्रम ठरवून केलेले होते. त्यांत आयत्या वेळचा लहरीपणा नव्हता. परंतु त्यांच्या क्रमाला कारण होते. वर्षेची गाणी वर्षेसाठी होती. कार्तिकातील पौर्णिमेला मेघ बोलावण्यासाठी ती बांधलेली नव्हती.

या तिघांकडे पाहून आमचे मत असे बनले की, 'यादी किती बदलावी?' हा प्रश्न अर्धाच आहे. बदलाची जागा दोन ठिकाणी असते: एक यादीत, दुसरी गाण्याच्या आत. आत बदल होत असेल तर यादी थोडीफार स्थिर राहिली तरी गाणे जिवंत राहते. आत बदल होत नसेल तर यादी रोज उलटीपालटी करूनही निर्जीव गाणे जिवंत होत नाही. नाटकमंडळ्यांचे उदाहरण घ्या. 'मानापमान' १९११ साली रंगभूमीवर आले; त्यातील पदे व त्यांचा क्रम नाटककाराने बांधलेला. फिरत्या मंडळीला तो गावोगाव बदलता येत नव्हता. पण बालगंधर्वांचे पद दोन रात्री सारखे लांब होत नसे. श्रोत्यांनी 'वन्स मोअर' दिला की तेच पद नव्या जागा घेऊन परत येई, आणि नाटक पहाटेपर्यंत लांबे. क्रम बांधलेला, गाणे मोकळे. आमच्या संचाच्या गाण्यात आम्हांला जे खटकले ते हेच की, क्रमही बांधलेला आणि गाणेही बांधलेले. दुसऱ्या पदातील तिसऱ्या कडव्यावर गायकाने डोळे मिटून जी हरकत घेतली ती बेळगावात सुचल्यासारखी वाटली. देवळात ती पाठ असल्यासारखी वाटली. इंदुरास ती येणार हे आम्हांला अगोदर ठाऊक होते.

हा प्रश्न आमच्यापुरताच आहे असेही नाही. गावोगाव फिरून गाणारा कोणताही वाद्यवृंद त्यातून सुटलेला नाही. पाश्चात्त्य देशांत तर त्यावर श्रोत्यांचे तट पडलेले दिसतात. अमेरिकेतील 'ग्रेटफुल डेड' या वाद्यवृंदाची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. कॅलिफोर्नियात १९६५ साली निघालेला हा संच त्याचा प्रमुख गायक-वादक जेरी गार्सिया १९९५ साली वारला तोपर्यंत फिरत राहिला, आणि तीस वर्षांत त्याने सुमारे २,३०० मैफली केल्या. पदांची यादी रोज बदलावयाची, हाच त्यांचा नेम. परिणामी श्रोते एका गावाहून दुसऱ्या गावी त्यांच्या मागून प्रवास करीत, प्रत्येक मैफलीचे ध्वनिमुद्रण करून आपापसांत वाटत. १९८४ पासून तर मुद्रण करणाऱ्यांना बसण्यासाठी वेगळी जागाच राखून ठेवली जाई. बदलाचा इतका हट्ट धरणारा दुसरा संच सांगणे कठीण. पण या संचाच्या मैफलीतही एक भाग न चुकता यावयाचा. १९७८ च्या सुमारापासून उत्तरार्धात केवळ तालवाद्यांचा एक खंड आणि त्यानंतर बिनबांधणीचा, मोकळा स्वरविहार, ही जागा जवळजवळ प्रत्येक रात्री ठरलेली असे. म्हणजे यादी बदलणाऱ्यांनाही एक खांब स्थिर ठेवावासा वाटला. आणि त्या स्थिर खांबाच्या आत काय वाजेल हे मात्र कोणालाच ठाऊक नसे. तो तालखंड वाजविणाऱ्या दोघांपैकी मिकी हार्ट यांनी आमच्या झाकीर हुसेन यांच्याबरोबर १९७६ साली 'डिगा' ही ध्वनिमुद्रिका काढली, आणि पुढे 'प्लॅनेट ड्रम' मध्येही दोघे एकत्र होते. ठेका ठरलेला आणि त्यावरचा विस्तार मोकळा, ही तबल्याची शिकवण त्या परक्या मंचावरही परकी ठरली नाही.

असे असता आमच्याकडे याद्या अलीकडे इतक्या कठीण का झाल्या? याची कारणे गायकाच्या आळसातच शोधणे अन्यायाचे होईल. एक कारण वेळेचे आहे. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास बंदी केली. सणासुदीला मध्यरात्रीपर्यंतची जी सवलत सरकारला देता येते ती वर्षातील मोजक्या दिवसांची. झोपणाऱ्यांच्या, आजाऱ्यांच्या दृष्टीने हे योग्यच झाले. पण सातला आरंभ करून दहाच्या ठोक्याला भैरवी आटपावयाची म्हटल्यावर गायक प्रत्येक पदाची मिनिटे मोजू लागला, आणि मोजलेले पद फुलत नाही. दुसरे कारण निवेदनाचे. पदापदांमध्ये लिहून काढलेले निवेदन आले की पदे त्या निवेदनाची नोकर होतात. एक पद बदलले तर त्यामागची गोष्ट, विनोद, टाळी, सारेच कोसळते. तिसरे कारण दिव्यांचे व पडद्यावरील चित्रांचे. ती अगोदर जुळवून ठेवलेली असतात, आणि गायकाने मनात आले म्हणून दुसरे पद काढले तर पडद्यावर चंद्रभागेऐवजी भलतेच काही यावयाचे.

ही कारणे आम्ही समजू शकतो. पण याच काळाने आणखी एक गोष्ट केली आहे, आणि तिने ठरीव क्रमाचा पहिला आधारच काढून घेतला आहे. बेळगावच्या श्रोत्याने इंदूरची मैफल ऐकलेली नसते, हे आज खरे राहिलेले नाही. सभागृहात निम्मे हात भ्रमणध्वनी उंच धरून असतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती मैफल घरोघर पोहोचलेली असते. निवेदकाचा विनोद त्याच्या आधीच गावात येऊन बसतो. आजचा फिरता गायक मनाने कीर्तनकारासारखाच त्याच त्या श्रोत्यांपुढे उभा आहे. फक्त त्याला ते अजून कळलेले नाही.

तर मग प्रमाण काय असावे? टीकाकाराने दोष दाखवून बाजूस होणे सोपे. म्हणून आम्ही आमच्या मते योग्य असे एक प्रमाण सांगतो, ते कोणी पारखून पाहावे. बारा पदांचा कार्यक्रम धरू. त्यातील तीन स्थिर ठेवावीत: आरंभीचे नमन, ज्या पदाने गायक ओळखला जातो ते पद, आणि शेवटची भैरवी. भैरवी खरी सकाळची रागिणी, पण बैठकीच्या शेवटी ती कोणत्याही वेळी चालते. समयाचा नियम जेथे आमच्या पूर्वजांनीच शिथिल केला तेथे तो आम्ही कशास ओढावा? यामुळे नातवाचा हात धरून आलेली आजीही रिकाम्या मनाने परत जात नाही. पाच पदे, तयार असलेल्या तीस-चाळीस पदांच्या साठ्यातून, महिना, तिथी, घटका व श्रोते पाहून त्या दिवशी निवडावीत. एवढ्यानेच त्रिपुरारीच्या रात्रीचे मेघ वितळून जातील. एक पद श्रोत्यांच्या फर्माइशीसाठी रिकामे ठेवावे. एक पद गायक सध्या बसवीत असलेले, अजून पुरते हाती न आलेले असावे. त्यात तो अडखळला तरी चालेल, कारण श्रोत्याला गायकाबरोबर वाट शोधण्याचा आनंद तेवढ्यातच मिळतो.

उरलेली दोन पदे आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटतात. ती त्या गावाची असावीत. गोमंतकात गाताना सोहिरोबानाथ आंबियांचे पद का नसावे? अठराव्या शतकातील हा पेडणे महालात जन्मलेला संतकवी उत्तरायुष्यात ग्वाल्हेर-उज्जैनीकडे गेला. तेव्हा ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींपुढेही ते पद परके होणार नाही. बडोद्यात गाताना 'एकच प्याला' नाटकातील एखादे पद घ्यावे, कारण त्या नाटकाचा पहिला प्रयोग १९१९ साली तेथेच झाला. इंदुरास व देवासला कुमारांनी जपलेली माळव्याची लोकगीते आहेत. हैदराबादेतील कित्येक मराठी घरांचे मूळ मराठवाड्यात आहे. त्यांच्यापुढे पैठणच्या एकनाथांचे भारूड उभे करावे. बेळगावात दासवाणीतील एक पद गाइले तर मराठी श्रोता नाराज होईल असे आम्हांला वाटत नाही. विठ्ठल दोन्ही भाषांत एकच आहे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या आमच्यासारख्यांना पुण्या-मुंबईचे गाणे ऐकावयास मिळते याचा आनंद असतोच. पण पाहुणा घरी येऊन आपल्या अंगणातील तुळशीकडे एकदा पाहतो तेव्हा तो आपला होतो. जो संच आमच्या गावचे एकही पद कधी गात नाही, तो दहा वर्षे येत राहिला तरी पाहुणाच राहतो, आणि आमची पदे आमच्याच मुलांना अनोळखी होत जातात. या प्रश्नात खरी हानी होत असेल तर ती येथे होते.

उलट बाजूचाही इशारा दिला पाहिजे. बदलासाठी बदल हे एक नवे व्यसन होऊ शकते. प्रत्येक मैफलीत दहा नवी पदे, अपरिचित चाली, अनवट राग यांचा मारा करून श्रोत्याला परीक्षेला बसविणारे गायकही आम्ही ऐकले आहेत. मन्सूरांना ते शोभले, कारण त्यांचा अनवट राग त्यांच्या श्वासात मुरलेला होता. कालच शिकून आज मांडलेला अनवट राग म्हणजे उसना दागिना. तो अंगावर घालूनही चाल अवघडलेलीच राहते. ज्याचा साठा चाळीस पदांचा नाही त्याने वीस पदांचा करावा, दहा पदे खोल करावीत, आणि मग यादीकडे पाहावे. आतला बदल आधी, बाहेरचा मागाहून.

शेवटी समित्यांना दोन शब्द. गायकाला पत्र पाठविताना तारीख व बिदागी यांच्याबरोबर चार ओळी अधिक लिहाव्यात: उत्सव कोणत्या तिथीचा, देव कोणता, गाणे किती वाजता सुरू होईल, गेल्या वर्षी काय गाइले गेले, आणि येथे पूर्वापार कोणती पदे म्हटली जातात. एवढ्याने कोणत्याही गायकाचा मान जात नाही. जो खरा गायक आहे त्याला हे वाचून आनंदच होईल, कारण आपल्या गाण्याची कोणी वाट पाहत आहे हे त्यावरून त्याला कळेल. आणि जो रागावेल, त्याला पुढील वर्षी बोलावावे की नाही याचा निर्णय समितीला सोपा जाईल.

आमच्या देवळांत रोज पूजा होते. आवाहनापासून नीरांजनापर्यंत उपचारांचा क्रम शेकडो वर्षे तोच आहे. तो उद्या बदलला तर आम्हांला चुकल्यासारखे वाटेल. पण त्याच पूजेत वाहावयाचे फूल मात्र त्या दिवशीचे लागते. कालचे फूल कितीही सुंदर असले तरी ते निर्माल्य होते, आणि पुजारी ते हळुवार हातांनी काढून बाजूला ठेवतो. उत्सवातील गाणे हीही एक सेवाच असेल, तर तिला हाच न्याय लागू व्हावा. पुढल्या त्रिपुरारीला त्या वृद्ध गृहस्थांनी घरी जाता जाता दुसरे काही म्हणावे, एवढीच आमची इच्छा आहे.